सोपाऱ्याची वीट, भोनची वीट

नालासोपारा म्हटले की मुंबईत नोकरी करणाऱ्याला आधी विरार लोकलची गर्दी आठवते. मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालचा. गेली चार वर्षे नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो आणि अंधेरीच्या एका ऑफिसात कोड लिहितो. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी ‘प्राचीन सोपारा’ या दिवसभराच्या सहलीत नाव नोंदवले, ते केवळ ती घराजवळून निघणार होती म्हणून. वाट दाखवायला एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत होते.

पहिला थांबा स्तूपाचा. लोक त्या जागेला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. झाडीत विटांचा एक उंचवटा, बाकी काही नाही. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत एक दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांचे मत पडले. भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या आणि सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे.

“आणि बंदर कुठे होते?” एकाने विचारले. सरांनी समोरच्या इमारतींकडे हात केला. एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या दक्षिणेची बंदरे सांगताना ‘सुप्पारा’ येते. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की, त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या. शोर्पारग म्हणजेच सोपारा. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे दुसरीकडे वळली आणि नाव तेवढे उरले. ते आता लोकलच्या पाटीवर दिसते.

दुपारी चक्रेश्वर तळ्याच्या काठी डबे सोडले. तिथल्या देवळात जुन्या मूर्ती आहेत, त्यांत ब्रह्मदेवाचीही. जेवताना सरांनी अशोकाच्या लेखाचा विषय काढला. 1882 सालीच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956 साली जवळच्या भुईगावला नवव्याचा मिळाला. पाहायचे तर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे लागते. सोपाऱ्याच्या तुकड्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत, पण हाच लेख गिरनार वगैरे ठिकाणी असल्याने पूर्ण मजकूर कळतो. योगायोग असा की, तो लेख सहलींबद्दलच आहे! पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रांना जात. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे अशोक सांगतो. त्या यात्रांत करायचे काय? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन आणि दान, वृद्धांची भेट, जनपदातल्या माणसांची भेट.

“तुम्ही कुठल्या जनपदातले?” सरांनी मला विचारले. मी गावाचे नाव सांगितले आणि सवयीने जोडले, “शेगावजवळ.”

“म्हणजे भोनजवळचे! मग तुम्ही विटांचा स्तूप पाहायला इथवर कशाला आलात?”

मला भोन नावाने माहीत होते. आमच्याच संग्रामपूर तालुक्यातले, पूर्णेकाठचे गाव. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, विटांचा स्तूप निघाला, मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या, हे मला साडेचारशे किलोमीटर लांब, तळ्याकाठी डबा खाताना कळले. ती जागा जिगाव धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या क्षेत्रात येते, हेही.

रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, “हो, तठी जुन्या इटा निघाल्या म्हने. पाहाले गेलतो आम्ही. पन धरन झालं त जाईन सारं.”

“मग तुम्हाला काही वाटत नाही?”

बाबा थोडे थांबले. “वाटते ना. पन पानी बी पाहिजे.”

यावर मला बोलता आले नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे खारे पाणी पिकाला चालत नाही, कपाशी पावसाच्या भरवशावर. पूर्णेकाठी कड्यांच्या विहिरी रचणाऱ्यांनाही गोड्या पाण्याची काळजी असेलच. पण धरणात गावेही जाणार आहेत, नुसत्या विटा नाहीत. सोपाऱ्याचे पाणी हटले आणि बंदर संपले. भोनला पाणी येईल आणि स्तूप संपेल. सोपाऱ्याचा गाळ कुणी ठरवून आणला नव्हता. भोनचा निर्णय मात्र माणसांनी घ्यायचा आहे, आणि निदान विटांचे मोजमाप, नोंद, जमल्यास दुसरीकडे उभारणी एवढे तरी पाण्याआधी व्हायला हवे.

दिवाळीत घरी जाईन तेव्हा बाबांना घेऊन भोनला जायचे ठरवले आहे. आधी गावातल्या म्हाताऱ्यांना भेटायचे, मग विटा पाहायच्या. क्रम अशोकाचाच आहे.