'गेम जिनी' खटला आणि खेळणाऱ्याचा अधिकार

विकत घेतलेली कृती कशी अनुभवावी, हे निर्मात्याने ठरवावे की ग्राहकाने, हा प्रश्न अमेरिकेत १९९० मध्ये एका लहानशा उपकरणामुळे न्यायालयापुढे आला. ब्रिटनमधील कोडमास्टर्स कंपनीने विकसित केलेले 'गेम जिनी' हे उपकरण निन्टेन्डोचे खेळयंत्र आणि खेळाचे कार्ट्रिज यांच्यामध्ये बसविले जाई. खेळणाऱ्याने संकेताक्षरे भरली की कार्ट्रिजकडून प्रोसेसरकडे जाणारा ठरावीक बाइट अडवून त्याजागी दुसरे मूल्य पाठविले जाई. परिणामी पात्रास अधिक 'जीव' मिळत. कार्ट्रिजमधील मूळ प्रोग्राम मात्र अबाधित राही.

हा प्रताधिकाराचा भंग असल्याचे सांगून निन्टेन्डोने अमेरिकेतील विक्रेत्या गालूब कंपनीविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तथापि १९९१ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९९२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गालूबच्या बाजूने निर्णय दिला. मूळ कृतीचा अंश मूर्त वा स्थायी स्वरूपात सामावणारी नवी साधित कृती येथे निर्माण होत नाही, असे न्यायालयाने मानले. मनाईच्या काळातील नुकसानीपोटी गालूबला १.५ कोटी डॉलर देण्याचा आदेशही १९९४ मध्ये कायम झाला.

आज जुने खेळ एम्युलेटरवर खेळतानाही हीच संकेताक्षरे वापरता येतात. सोनीच्या पीएसपी यंत्रावरील अशाच साधनासंबंधी युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२४ मध्ये असा निर्वाळा दिला की, प्रोग्रामची संहिता न बदलता केवळ स्मृतीतील चलांची मूल्ये बदलल्यास प्रोग्रामला दिलेल्या संरक्षणास बाधा येत नाही. मूळ प्रोग्राम अबाधित ठेवून केवळ खेळण्याची रीत बदलल्याने निर्मात्याच्या दावा केलेल्या अधिकाराचा भंग होत नाही, हे दोन्ही निर्णयांचे सार होय.