शिळावर्तुळांचे नाते

अणदूरच्या शेजारी नळदुर्ग येथे १८५३ नंतर काही वर्षे फिलिप मेडोज टेलर हे इंग्रज अधिकारी कारभार पाहत होते. त्यांची ‘तारा’ ही कादंबरी काही वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या उत्खननांची मात्र आपल्याकडे फारशी आठवण राहिलेली नाही. नळदुर्गला येण्यापूर्वी सुरपूर संस्थानात असताना भीमेकाठच्या जेवर्गी परिसरातील शिळांची वर्तुळे त्यांनी उकरून पाहिली. आत मानवी अस्थी व मडकी होती. आयर्लंड-इंग्लंडमधील वर्तुळांशी असलेले त्यांचे साम्य पाहून ती केल्ट किंवा सिथियन लोकांची असावीत, असे त्यांनी मानले. पुढे १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनीही नागपूरजवळील जुनापाणीच्या शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातील खळग्यांशी केली. अशा मतांमुळे येथल्या पूर्वजांच्या हातचे काम परक्यांच्या नावे जमा झाले.

काळाचा हिशेब मांडला की हे अनुमान टिकत नाही. स्टोनहेंजच्या थोर शिळा इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या. विदर्भातील वर्तुळे इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत. उरतो तो गोल आकार. मृतावर माती व दगडगोटे रचले की ते ढासळू नयेत म्हणून कडेने मोठे धोंडे लावावे लागतात; आपल्या दफनभूमीतही कोणी शिकवल्यावाचून हे केले जाते.

खरा शोध जवळच्या नात्याचा आहे. डॉ. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथे उत्खनने केली. नैकुंडला लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. माहुरझरीला मृतासोबत घोडाही पुरलेला आढळला, तोही तांब्याच्या अलंकारांसह! कर्नाटकात ब्रह्मगिरी येथे १९४७ मध्ये व्हीलर यांनी केलेल्या उत्खननातही काळी-तांबडी भांडी व लोखंडी वस्तू सापडल्या. विदर्भातील भांडीही त्याच धर्तीची. मात्र ब्रह्मगिरीला वर्तुळाच्या आत फरशांची शवपेटिका असते. विदर्भात ती सहसा नसते, आणि घोड्याचा असा मान ही विदर्भाची विशेष खूण दिसते. माझ्या मते ही एकाच टोळीची भटकंती नव्हे. लोखंड, मणी आणि भांडी घडवण्याचे कसब गावोगावी फिरले असावे. मृतांना निरोप देण्याची रीत मात्र प्रत्येक प्रदेशाने आपली राखली.

जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत. १९६१ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले, तेही मोजक्याच वर्तुळांचे.