बांधावरचा दगड

दोन भाऊ वेगळे झाले, कीं पहिली नजर जाते ती बांधावरच्या दगडाकडे. दगड चार बोटें सरकला, तरी पिढ्यान् पिढ्यांचें वैर उभें राहतें. म्हणूनच दगड रोवणें हें काम दिसतें तितकें क्षुल्लक नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेचा विचार आलेला आहे. झाडें, तळीं, विहिरी हीं उघड चिन्हें सांगून स्मृतिकार थांबत नाहीं. कोळसे, विटा, खापऱ्या, वाळू असे लवकर न कुजणारे जिन्नस सीमेवर गुप्तपणें पुरावे, असें तो सांगतो. वरची खूण कोणी उपटली, तरी खालची साक्ष उरते.

या इतिहासांत इंदापूर तालुक्याचें नांव मोठें आहे. पेशवाईनंतर रॉबर्ट कीथ प्रिंगल यानें पुणें जिल्ह्याची मोजणी करून १८३० च्या सुमारास नवा सारा बसविला. खर्च वजा जातां उरणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब होता. पावसाचा भरंवसा नसलेल्या इंदापुरास तो झेपेना. जमिनी पडीक पडल्या. कुळें गांव सोडून जाऊं लागलीं.

तेव्हां १८३५ मध्यें हेन्री गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनीं काम पुन्हा हातीं घेतलें. ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हें माप रूढ झालें. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, मातीची प्रत ठरली, आणि सारा ३० वर्षें कायम झाला. शेतांच्या हद्दींवर दगड व मातीचे बुरूज, ही या पद्धतीची ओळखच ठरली. १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम बांधून दिले आणि मुंबई इलाख्यांत ती पसरली. शेजाऱ्याचा नांगर जेथें थांबावयाचा ती जागा दगडानें दाखविली. सरकारची मागणी कोठें थांबावयाची तें मुदतीनें ठरविलें. शेतकऱ्याला या दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

पुढें १८८५ मध्यें नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या जिराईत रानांना पाणी मिळालें, आणि वीतभर जमिनीलाही मोल आलें. पण काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. उथळ रोवलेला दगड तींत हळूहळू कलतो.

यावर आजचा उपाय काँक्रीटचा आहे. खड्डा शक्य तर मुरमापर्यंत न्यावा, तळाशीं खडी कुटावी, खांब ओळंब्यानें सरळ धरावा. मग एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी असें मिश्रण थराथरानें ठांसून भरावें. पाणी सांचूं नये म्हणून माथ्याला चोहों बाजूंनीं उतार द्यावा, आणि आठवडाभर तें ओलें ठेवावें.

मात्र खांब भलत्या जागीं बसला, तर चूकच पक्की होते. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीं सरकारी मोजणी व्हावी, आणि दोन्ही शेजारी खड्ड्याच्या कांठावर उभे असावे. त्यांची संमति नसेल, तर सिमेंटनें दगड टिकेल, भांडणही टिकेल.