शब्दापुढचा दाखला

दोस्तहो, इंग्रजीचा धसका आपल्या पोरांच्या मनातून अजून गेलेला नाही. मुलाखतीचा कागद आला, की पोरगा गाईडातले अवघड शब्द घोकत बसतो. मीही वस्तीतल्या दिव्याखाली शेकड्यानं शब्द पाठ केले. आठवड्यात निम्मे उडून जायचे. ज्यांचा इतिहास हाती लागला, तेवढे टिकले. त्यातले दोन सांगतो.

पहिला एंडोगॅमी. मूळ ग्रीक. एंडो म्हणजे आत, गॅमोस म्हणजे लग्न. जॉन मॅक्लेनन या स्कॉटिश वकिलानं १८६५ साली 'प्रिमिटिव्ह मॅरेज' या ग्रंथात तो रूढ केला. आपल्याच गटात लग्न करणं, एवढाच अर्थ. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हा शब्द जातीच्या मुळाशी नेऊन ठेवला. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्यानं, असं त्यांनी मांडलं. नवरा मेला, की बाई उरते. तिनं बाहेर लग्न केलं तर जातीची भिंत फुटते. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य. बायको मेली, की पुरुष उरतो. त्याच्यासाठी मग कोवळ्या पोरी. डिक्शनरीत एका ओळीत मावणारा शब्द. पण जात बायांच्या जिवावर कशी उभी राहिली, ते त्यानं उघडं पाडलं.

दुसरा ॲनायहिलेशन. त्याच्या पोटात लॅटिन 'निहिल' आहे, म्हणजे काहीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर सोसला नाही. स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. अधिवेशन बारगळलं. त्यांनी भाषण स्वतःच्या पैशानं छापलं आणि पुस्तकावर नाव आलं 'ॲनायहिलेशन ऑफ कास्ट'. जातीची डागडुजी करणाऱ्यांना हा शब्द झोंबणारच होता.

तेव्हा गड्यांनो, शब्द जरूर शिका. पण वहीत तीन रकाने पाडा. एकात शब्द, दुसऱ्यात डिक्शनरीतला अर्थ, तिसऱ्यात आपल्या गावचा दाखला. एंडोगॅमीपुढं मी लिहिलंय : पोरीनं दुसऱ्या जातीतला पोरगा पसंत केला, की घरातलेच कुऱ्हाड काढतात. तिसरा रकाना भरला, की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. आणि मुलाखतीतल्या साहेबानं अर्थ विचारला, तर कुठला सांगायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.