तारकांमधील वाणिज्य

संगणकावरील खेळांत व्यापारास स्थान मिळालें, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत डेव्ह कॉफमन यांनीं ‘स्टार ट्रेडर’ हा ताऱ्यांमधील देवघेवीचा खेळ रचला होता; परंतु त्यांतील सारा व्यवहार अक्षरांनींच चाले. माल आणि तो वाहून नेणारें जहाज हीं दोन्ही खेळणाराच्या हातीं दिलीं तीं केंब्रिजच्या जीझस कॉलेजांतील डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोघां विद्यार्थ्यांनीं. त्यांचा ‘एलीट’ हा खेळ सप्टेंबर १९८४ मध्यें एकॉर्नसॉफ्टनें प्रसिद्ध केला.

दोघांच्या मनांत प्रथम होती ती अवकाशांतील झुंज. पण झुंजावयाचें कशासाठीं? उत्तम शस्त्रें मिळविण्यासाठीं, म्हटलें तर त्यांस पैसा हवा. आणि पैसा हवा तर व्यापार आला. अशा रीतीनें वाणी शिपायाच्या मागोमाग आला आणि हळूहळू घराचा धनी होऊन बसला!

खेळणारा लेव्ह नामक ग्रहाजवळील स्थानकांत आरंभ करी. भांडवल १०० क्रेडिट, जहाजाच्या कोठींत २० टन माल मावेल एवढी जागा. बाजारांत जिन्नस १७. लेव्ह हा शेतीप्रधान, म्हणून तेथें धान्य टनास साडेतीन-चार क्रेडिटांना मिळे. जवळच्या झाओन्स या उद्योगप्रधान ग्रहावर तेंच सुमारें सात क्रेडिटांना खपे. परतींत यंत्रें किंवा संगणक आणावेत. संगणकाचा भाव मात्र टनास ६० पासून १०० क्रेडिटांपर्यंत. नवशिक्याची सारी पुंजी एका टनांत संपावयाची. म्हणून आधीं धान्य, मग संगणक, हा क्रम गरिबीच शिकवी.

या बाजाराची घडण पाहण्यासारखी आहे. बीबीसी मायक्रो या यंत्राची स्मृति अवघी ३२ किलोबाइट; तींत ८ दीर्घिका व प्रत्येकींत २५६ ग्रह बसवावयाचे. ग्रहांची यादी सांठविणें अशक्यच. म्हणून तीन संख्यांची बेरीज करून पुढची संख्या काढावयाची आणि तीवरून ग्रहाचें नांव, राज्यपद्धति, अर्थव्यवस्था ठरवावयाची, अशी युक्ति योजिली. भावही तसाच: जिन्नसाची मूळ किंमत, तींत ग्रहाच्या अर्थव्यवस्थेप्रमाणें वाढ वा घट, आणि वर थोडी यदृच्छा. याच हिशेबाचें चिन्ह उलटें केलें कीं मालाचा सांठा निघे. त्यामुळें स्वस्ताई तेथें विपुलता आपोआप येई.

मात्र या बाजारास आठवण नव्हती. कितीही माल उचलला तरी भाव चढत नसे, कितीही ओतला तरी पडत नसे. खरेदीचा व विक्रीचा दर एकच. दलाली नाहीं, जकात नाहीं. घासाघिशीस वावच नाहीं, तेव्हां शहाणपण उरलें तें वाटेंत. सट्टेबाजाचा हा व्यापार नव्हे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाणांचा हा व्यापार. जेथें राज्यव्यवस्था ढिली, तेथें चांचे फार. त्यांतून सुटलेलें जहाज गरगर फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद दारांतून नेतांना अनेकांनीं फोडलें आणि मालासह प्राण गमावला. पुढें १५०० क्रेडिट जमले कीं जहाज आपोआप आंत नेणारें यंत्र घेतां येई. ४०० क्रेडिटांत कोठी ३५ टनांची होई.

जिन्नसांत गुलाम, मादक द्रव्यें आणि शस्त्रें यांचाही समावेश होता. विकत घेतांना कोणी अडवीत नसे. तो माल घेऊन स्थानक सोडलें कीं दप्तरांत गुन्हा नोंदला जाई व पोलिसांचीं जहाजें पाठीस लागत. धान्याच्याच यादींत माणसाचाही टनावर भाव लिहावा, हें वाचतांना आज अंगावर कांटा येतो. पण खेळानें उपदेश केला नाहीं. धोका तेवढा वाढवून ठेवला आणि निवड खेळणारावर सोडली.

खेळणारांच्याच देवघेवीनें भाव ठरविणारा बाजार पुढें आइसलंडांत रचलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’नें २००३ मध्यें उभा केला. ‘एलीट’मध्यें मात्र कितीही द्रव्य जोडलें तरी सर्वोच्च पदवी मिळत नसे. तिच्यासाठीं ६४०० शत्रुजहाजें पाडावीं लागत. धान्याच्या आणि संगणकांच्या खेपांचा त्यांत हिशेबच नव्हता.