ऑप-अँपच्या विवर्धननिश्चितीचा इतिहास आणि खानदेशातील प्रयोगवही

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाशी आणि १५ ऑगस्ट १९९० पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडली गेली. पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकांत ऑप-अँपचे विवर्धन, म्हणजेच गेन, ठरविण्याचा प्रयोग सर्वपरिचित आहे. आदानाकडे १ किलोओहम आणि निर्गमाकडून परत येणाऱ्या मार्गात १० किलोओहम रोध जोडल्यास सूत्रानुसार विवर्धन, उलट चिन्हासह, १० येते. प्रत्यक्षात मापन ९.६ भरते, प्रयोगवहीत मात्र पुष्कळदा १० लिहिले जाते. ही तफावत म्हणजे विद्यार्थ्याची चूक आहे काय, याचा शोध प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांवर अनेक विवर्धक एकापुढे एक जोडावे लागत. निर्वात नलिकांचे विवर्धन स्थिर नसे व प्रत्येक टप्प्यावर ध्वनीतील विकृती वाढत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील अभियंता हेरॉल्ड ब्लॅक यांना हडसन नदीवरील फेरीबोटीत उपाय सुचला : निर्गमाचा काही अंश उलट करून आदानाकडे परतवावा. यात विवर्धन घटते, परंतु स्थैर्य लाभते. कष्टाने मिळविलेले विवर्धन हेतुतः सोडून देण्याची ही कल्पना सहजासहजी पटण्यासारखी नव्हती. तिचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. बेरीज, संकलन अशा गणिती क्रिया करणाऱ्या या विवर्धकास 'ऑपरेशनल' हे विशेषण रागाझिनी व सहकाऱ्यांच्या १९४७ च्या निबंधाने रूढ केले. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीचा, डेव्ह फुलागर यांनी रचलेला ७४१ हा एकात्मिक मंडल बाजारात आला.

विवेचन :
७४१ चे स्वतःचे विवर्धन सुमारे २ लाख असते व ते नगागणिक बदलते. ते निम्मे झाले तरी वरील मंडलाच्या उत्तरात शतांश टक्क्याहूनही कमी फरक पडतो. म्हणजे विवर्धन ठरवितात ते बाहेरचे दोन रोध. त्यांची सोनेरी पट्टी ५ टक्के अधिक-उणे सांगते; म्हणून उत्तर ९.०५ ते ११.०५ या दरम्यान कोठेही येऊ शकते. ९.६ हे मापन सदोष नाही. ते त्या रोधांचे खरे वर्णन आहे.

निष्कर्ष :
ब्लॅक यांना कल्पना सुचली त्याच १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. अस्सल कागदाखेरीज इतिहास नाही, हा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा आग्रह होता. प्रयोगवही हाही अस्सल कागदच होय. विद्यार्थ्याने मंडल जुळविण्यापूर्वी दोन्ही रोध मल्टिमीटरने मोजावेत, त्या मूल्यांवरून विवर्धन काढावे आणि मापन जसे आले तसेच नोंदवावे. अध्यापकांनीही ९.६ ला पूर्ण गुण द्यावेत. अन्यथा आपण सूत्र शिकवू, परंतु विज्ञान शिकविणार नाही.