कायद्याच्या आधी पोहोचलेली गिरणी : नागपूरची एम्प्रेस मिल

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि मुंबईतील कापसाची तेजी कोसळली. युद्धकाळात अमेरिकेचा कापूस लँकशायरला पोहोचत नव्हता, त्यामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईचे व्यापारी त्या भावामागे धावले आणि भाव फिरताच पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. त्या वेळी पंचविशी ओलांडलेले जमशेटजी विलायतेत होते. हाती उरल्या होत्या त्या कवडीमोल हुंड्या.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या. बंदर तेथे, भांडवल तेथे, म्हणून गिरणीही तेथेच, असा रिवाज पडला. जमशेटजींनी प्रश्नच वेगळा विचारला : कापूस पिकतो कोठे? वऱ्हाडचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि १८६७ मध्ये येऊन पोहोचलेली रेल्वे, ही तिन्ही नागपूरच्या आवाक्यात होती. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जागा दलदलीची. भराव पडताना पाहून 'हा गृहस्थ सोने मातीत पुरतो आहे' असे म्हणत एका सावकाराने कर्ज नाकारल्याची आख्यायिका आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. 'एम्प्रेस' हे नाव त्यावरून पडले. व्यवस्थापक बेझनजी मेहता मात्र रेल्वेच्या नोकरीतून आलेले. निवड धाडसाचीच म्हणायची.

जुन्या 'म्यूल' यंत्रावर सूत आधी ओढून पिळले जाई आणि मग गुंडाळले जाई. 'रिंग' चातीवर ही कामे अखंड चालत. लँकशायर अजून साशंक असताना १८८० च्या दशकात नागपुरात ही चाती आजमावली गेली. कापसाच्या गिरणीला आगीचे भय कायमचे, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटते. यासाठी आग विझवणारे स्वयंचलित फवारे आणि हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवण्यात आली.

खरी कसोटी मात्र माणसांची होती. कामगार गैरहजर राहत. केवळ दंडावर भिस्त न ठेवता जमशेटजींनी कामगार टिकावा अशी व्यवस्था उभारली : १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई. यास निव्वळ दानशूरपणा समजणे भाबडेपणाचे ठरेल. सरावलेला हात गिरणीत टिकला तर सूत चांगले निघते, हा हिशेबही त्यामागे होता. शिवाय त्या काळी गिरण्यांत पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. ती १९११ मध्ये आली, तीही दिवसाला बारा तासांची!

अपघातग्रस्त कामगारास भरपाई देणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. एम्प्रेस मिलमध्ये ती प्रथा सुरू होऊन तेव्हा २८ वर्षे लोटली होती. जमशेटजी १९०४ मध्येच निवर्तले होते.